बी.कॉम. करणाऱ्या मुलीने भाषा, पर्यावरण, एनएसएस यांत वेळ घालवावा की थेट टॅली शिकावे?

तुमची मुलगी सांगलीत बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे तिला लेखाशास्त्राबरोबर भाषा, पर्यावरण आणि राष्ट्रीय सेवा योजनेचेही (एनएसएस) श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळवावे लागत आहेत. नोकरीच्या दृष्टीने हा वेळ वाया जातो का, असे तुम्ही विचारले आहे. मी सांगलीतच करसल्लागार आहे आणि आमच्या कार्यालयात नवे पदवीधर घेतो. त्या अनुभवावरून सांगतो की तो वाया जात नाही.

टॅली हे हिशेब ठेवण्याचे सॉफ्टवेअर तिने अवश्य शिकावे. मात्र ते काही महिन्यांत हातात बसते आणि मुलाखतीला येणाऱ्या बहुतेकांना येतच असते, त्यामुळे निवड त्यावर ठरत नाही. मी उमेदवारापुढे बेदाण्याच्या सौद्याची एक पट्टी ठेवतो. तिच्यावर वजन, दर, हमाली, तोलाई, इतर कपात आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम, एवढेच असते. मी तासगावचा द्राक्षबागायतदार आहे असे समजून ही रक्कम कशी आली ते मला सांगा, असे मी म्हणतो. हिशेब सहसा कोणाचा चुकत नाही. पण समोरच्याची शंका नेमकी कुठे अडली आहे ते ऐकून घेऊन, न चिडता, त्याला कळेल अशा शब्दांत उलगडून सांगणे थोड्यांनाच जमते. ज्यांना जमते त्यांच्यात एनएसएसच्या शिबिरासाठी गावात राहिलेली, वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिलेली किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचा जमाखर्च सांभाळलेली मुले मला वारंवार भेटली आहेत.

दुसरे कारण मला याहून महत्त्वाचे वाटते. महाराष्ट्रात २००५ साली विक्रीकर जाऊन व्हॅट आला, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा २०२५ चा कायदा घेतो. म्हणजे वर्गात पाठ केलेली कलमे नोकरीच्या काळात एकदा तरी बदलणारच. अशा वेळी जो माणूस नवी अधिसूचना स्वतः वाचून तिचा अर्थ लावू शकतो आणि अधिकाऱ्याला मुद्देसूद उत्तर लिहू शकतो, त्याचे काम टिकते. ही सवय भाषेच्या तासाला, निबंधातून आणि अवांतर वाचनातून लागते. सॉफ्टवेअरच्या वर्गात ती शिकवली जात नाही.

आपल्या भागाला हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ योजनेतून अभ्यास आणि अंगमेहनत यांची सांगड घातली.

काही ठिकाणी हे विषय एकमेकांच्या वह्या उतरवून उरकले जातात, याचे मला फार वाईट वाटते. तसे होऊ नये म्हणून मुलीच्या पर्यावरण प्रकल्पात तुम्ही स्वतः लक्ष घाला. कृष्णेच्या पुराने एखाद्या दुकानदाराचे किती नुकसान झाले आणि विम्यातून किती भरून निघाले, असा विषय घेतला तर तिचे लेखाशास्त्रही त्यात कामी येईल. टॅलीचा वर्ग पहिल्या वर्षाच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत लावा, आणि पुढे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची वेळ येईल तेव्हा केवळ प्रमाणपत्र देणाऱ्या ठिकाणी न पाठवता, जिथे तिला पक्षकारांशी बोलू दिले जाईल असे कार्यालय शोधा.