डोंगरवाटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघं मित्र पंचविशीतले आहोत. राजगड, तोरणा, कळसूबाई असे एका दिवसाचे ट्रेक झालेत. आता पाठीवर सगळं सामान घेऊन तीन-चार दिवस चालायचं आहे आणि शेवटी एखाद्या उंच शिखरावर पोचायचं आहे. वाट देखणी हवी. रतनगड ते हरिश्चंद्रगड करावं की अलंग-मदन-कुलंग करून कळसूबाई गाठावी?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : रतनगड ते हरिश्चंद्रगड करा आणि शेवट हरिश्चंद्रगडावरच्या तारामती शिखरावर करा. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे राज्यातलं सगळ्यांत उंच शिखर हे खरं, आणि तारामती साधारण १,४२५ मीटर. पण अलंग आणि मदन या किल्ल्यांच्या वाटेवर दोर लावूनच चढावे लागणारे कातळटप्पे आहेत. तिथे पाठीवर बारा किलोचं ओझं, सोबत दोर हाताळणारा अनुभवी माणूस नाही आणि सलग चालण्याची ही पहिलीच वेळ, असा मेळ बसत नाही. ती वाट पुढच्या वर्षासाठी ठेवा.

अनेक दिवसांची वाट निवडताना बहुतेक जण आधी किलोमीटर मोजतात. आधी पाणी मोजा. नोव्हेंबरनंतर सह्याद्रीचे ओढे आटत जातात, त्यामुळे मुक्काम कुठे पडणार हे कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि विहिरी ठरवतात. या वाटेवर तिन्ही रात्रींना पाणी आहे: रतनगडावर टाकी, कुमशेतला गावातली विहीर, हरिश्चंद्रगडावर पुन्हा टाकी. म्हणूनच ही वाट नवख्यांनाही झेपते.

पहिला दिवस रतनवाडी ते रतनगड. अमृतेश्वराचं देऊळ आणि तिथली पुष्करणी पाहूनच निघा. वाट आधी प्रवरेच्या ओढ्याच्या काठाने जाते, मग दाट झाडीतून चढते. शेवटी लोखंडी शिड्या लागतात. सॅकसकट सुमारे तीन तास धरा. मुक्काम गुहेत. सामान उघड्यावर टाकून नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक, बघायला जाऊ नका, माकडं चेन उघडून पिशव्या पळवतात. संध्याकाळी नेढ्यात बसलात की उत्तरेला अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई एका रांगेत, तर खाली भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. नेढ्यातला वारा मात्र माणसाला हलवतो, तेव्हा कडेला उभं राहू नका.

दुसरा दिवस सगळ्यांत लांबचा: शिड्या उतरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत. सहा-सात तास चालणं आहे, म्हणून सकाळी सातला निघायलाच हवं. रतनगडाकडे येणारी आणि खिंडीकडे जाणारी वाट शिड्यांच्या खाली जंगलात फुटते. हा फाटा चुकून लोक पुन्हा रतनवाडीत उतरतात. आदल्या दिवशी चढतानाच तो नीट बघून ठेवा, फोटो काढा. या टप्प्यात पाण्याचा भरवसा धरू नका. गडावरूनच माणशी तीन लिटर भरून निघा. खिंडीतून पलीकडे उतरलात की उजव्या हाताला आजोबा डोंगराची भिंत दिसू लागते, आणि माझ्या मते चारही दिवसांतला हा सर्वांत सुंदर टप्पा आहे. उतारावरचं वाळकं गवत बुटाखाली तेलासारखं सरकतं. पाय आडवा टाका, टाच रुतवा.

तिसरा दिवस कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई आणि हरिश्चंद्रगड. पाचनईपासून वर दोन-अडीच तास लागतात. वाट काही ठिकाणी पुढे आलेल्या कातळाच्या पोटाखालून जाते आणि सावली मिळते. वर पोचल्यावर सामान टाका आणि सूर्यास्ताला कोकणकड्यावर जा. कडा आत वळलेला असल्यामुळे तुम्ही उभे असता त्या दगडाखाली काय आहे, हे वरून कळत नाही. खाली बघायचं तर पालथं झोपून, आणि पाय धरायला मागे एक जण ठेवून.

चौथ्या दिवशी पहाटे तारामती. गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापासून पाऊण तास. शिखरावर फक्त पाणी आणि विजेरी न्यायची, सॅक खालीच. मग केदारेश्वराची गुहा बघून तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरा. देवळापासून खिंडीपर्यंत लहान लहान टेकड्या सारख्या वरखाली करायला लावतात. धुकं असेल तर इथे वाट हरवते. खिंडीच्या अलीकडे रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे, तो तोंड कड्याकडे करून उतरा. खिरेश्वरपासून खुबी फाटा सुमारे पाच किलोमीटर, तिथे कल्याण-आळेफाटा रस्त्यावरची एसटी मिळते.

सुरुवात रविवारी दुपारी करा. त्या वेळी शनिवारची गर्दी रतनगडावरून उतरत असते, आणि हरिश्चंद्रगडावर तुमचा मुक्काम मंगळवारी पडतो.

प्रश्न : हीच वाट उलट, म्हणजे खिरेश्वरहून रतनगडाकडे केली तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : करता येते, पण आम्ही सुचवणार नाही. तोलार खिंडीची चढण पहिल्याच दिवशी, सॅक सर्वांत जड असताना लागते. कुमशेतहून कात्राबाईकडे चढताना गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की वाटाड्याशिवाय निभाव लागणं कठीण. उलट जायचंच असेल तर कुमशेतमधून खिंडीपर्यंत गावातलं माणूस घ्या, आणि पैसे आधी ठरवून व्यवस्थित द्या.

ढोरवाट आणि पायवाट यांतला फरक सांगतो. ढोरवाट उतारावरून आडवी जाते, गवत लागलं की विरते आणि वर फांद्या डोक्याला लागतात, कारण गाय खालून निघून जाते. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीच्या फांद्या तोडलेल्या असतात. पंधरा मिनिटं एकही खूण दिसली नाही, तर पुढे शोधत बसू नका. खात्रीच्या शेवटच्या जागेपर्यंत परत या. ‘खाली गाव दिसतंय, सरळ उतरू’ असं ठरवणारे कड्यावर जाऊन अडकतात.

प्रश्न : माझं वजन ५४ किलो आहे. सॅक किती किलोची असावी? मागच्या वेळी एका रात्रीसाठी चौदा किलो झाली आणि खांदे सोलवटले.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पाणी धरून अकरा किलोच्या पुढे जाऊ नका, म्हणजे वजनाच्या साधारण पाचवा भाग. त्यातले तीन किलो पाणीच असतं. उरलेल्या आठ किलोंत सॅक, झोपायची पिशवी, कॅरीमॅट, एक जाड स्वेटर, कपड्यांचा एकच बदल, ताट-पेला, विजेरी आणि शिध्यातला तुमचा वाटा बसवायचा. जीन्स नको, ती भिजली की सुकत नाही.

खांदे सोलवटले याचा अर्थ कमरेचा पट्टा काम करत नव्हता. पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. आधी तो आवळा, मग खांद्याचे पट्टे. ओझ्याचा मोठा भाग कमरेवर गेला पाहिजे. तांदूळ, पाणी, गॅस अशा जड वस्तू पाठीला चिकटून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये ठेवा. त्या बाहेरच्या खिशात गेल्या की सॅक मागे ओढते आणि तुम्ही दिवसभर पुढे वाकून चालता.

कॅरीमॅट सॅकवर आडवी बांधू नका. रतनगडाच्या शिडीवर ती कठड्यात अडकते आणि माणूस एका बाजूला फिरतो. उभी बांधा.

प्रश्न : चौघांसाठी तीन रात्रींचा शिधा किती न्यावा? चूल पेटवली तर चालेल का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : चूल नको. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि हिवाळ्यात वाळलेलं गवत एका ठिणगीने पेट घेतं. शिवाय कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात आणि धुराने त्या उठतात. अत्तर-डिओडोरंटही घरीच ठेवा.

छोटा गॅस स्टोव्ह आणि २३० ग्रॅमची दोन कार्ट्रिज घ्या. एका वेळच्या खिचडीला चौघांत ३०० ग्रॅम तांदूळ, १५० ग्रॅम मूगडाळ आणि दीड-पावणेदोन लिटर पाणी लागतं. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून ठेवले तर गॅस बराच वाचतो. हळद, मीठ, गोडा मसाला आणि तळलेली मिरची घरूनच एका पुडीत बांधा. सकाळी पोहे, माणशी ७५ ग्रॅम. दुपारी स्टोव्ह काढूच नका: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. कुमशेतला सांगून ठेवलंत तर घरी भाकरी मिळते, हरिश्चंद्रगडावरही पाचनईची मंडळी झुणका-भाकर देतात. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी वर कोणी असेलच असं नाही, म्हणून एका जेवणाचा शिधा जास्त ठेवा.

टाक्याचं पाणी चौपदरी कापडातून गाळा आणि एक मिनिट खळखळ उकळू द्या. टाक्यात हात-पाय धुऊ नका, भांडं बुडवून पाणी बाजूला नेऊन धुवा. त्याच पाण्यावर पुढचे लोक राहतात. डोकं जड झालं, लघवी गडद पिवळी झाली तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं प्या.

प्रश्न : पावसाळ्यात ही वाट अधिक हिरवी असेल ना?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : हिरवी असते, पण दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खिंडीत दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि कात्राबाईकडचे ओढे दुपारच्या एका सरीत कमरेएवढे होतात. फुलं आणि स्वच्छ आकाश दोन्ही हवं असेल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गाठा. उतारावर सोनकी फुललेली असते आणि ओढ्यांना पाणी असतं. तेव्हाही दुपारी गडगडाट सुरू झाला तर तारामतीच्या माथ्यावरून लगेच उतरा. डिसेंबरात दिवस लहान, सहाला अंधारतं, म्हणून रोज चारपर्यंत मुक्कामी पोचा. मार्चनंतर जाऊ नका, टाक्यांतलं पाणी तळाला जातं आणि कातळ दुपारी बारापर्यंत भट्टीसारखा तापतो.