वाचक विचारतात: ‘मी उठलो नाही’ ही छपाईची चूक नाही

माझ्या तीन पुस्तकांबद्दल आलेली पत्रं संपादकांनी गेल्या महिन्यात घरी पाठवून दिली. तिन्ही पुस्तकं मीच छापली आणि मीच विकते. पहिलं माझ्या नैराश्याचं, दुसरं माहेरच्या आणि सासरच्या दोन नावांचं, तिसरं २०१९ च्या पुरानंतरच्या वर्षाचं. सगळ्यांना इथं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून चार प्रश्न घेतले. नाव छापू नका असं तिघांनी कळवलं होतं. मग चौघांचीही नावं गाळली.

‘तुम्ही स्त्री आहात, मग पहिल्या पुस्तकातल्या मधल्या भागात “मी उठलो नाही”, “मी जेवलो नाही” असं कसं छापलं गेलं? मुद्रितशोधन झालं नाही का?’ (एक शिक्षिका, सातारा)

बाई, मुद्रितशोधन झालं होतं, आणि घोटाळा तिथंच झाला होता. कोल्हापुरात आम्ही मुली ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतो. माझं माहेर मंगळवार पेठेतलं. आई, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांच्या तोंडी हेच. ‘येते, जाते’ मी शाळेत शिकले, तेही पट्टीच्या धाकानं. पुढं उद्यमनगरात एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेबाला लागले. पुण्याच्या पार्टीला फोनवर ‘बिल आजच पाठवते’ म्हणायचं आणि फोन ठेवला की शिपायाला ‘मी जरा जेवून येतो’ म्हणायचं, यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

२००९ मध्ये आजारी पडले तेव्हा बोलणं कमी कमी होत गेलं, आणि शेवटी उरलं ते आईजवळचं. डॉक्टर मॅडमनी विचारलं, ‘सकाळी किती वाजता उठता?’ मी म्हणाले, ‘मी उठतच नाही, पडून असतो.’ त्यांनी ते तसंच ऐकून घेतलं, दुरुस्त केलं नाही. त्या दिवसांची पानं मला ‘उठले नाही’ अशी लिहिताच येत नव्हती. तशी लिहिली की ती दुसऱ्याच कुणा बाईची वाटायची. मुद्रितशोधकांनी सगळे ‘लो’ पुसून ‘ले’ केले होते. दोन दिवस पेन्सिल घेऊन बसले आणि एकेक परत आणला.

नावाचंही तसंच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं. केसपेपर त्या नावाचा आहे, पुस्तकावर मात्र जन्माचं नाव आहे. नवं नाव मी टाकलेलं नाही, घरात त्याच नावानं हाक मारतात. पण आजारपणात आई ज्या नावानं उठवायची, ते पुस्तकावर हवं होतं.

‘लिहिल्यामुळं तुम्ही बऱ्या झालात हे वाचून मी मुलीला जाड वही आणि पेन आणून दिलं. तीन महिने झाले, वहीत एक ओळ नाही. कॉलेजला जात नाही, रात्रभर जागी असते. तिला लिहितं कसं करू? डॉक्टरांकडं न्यावं तर उद्या स्थळं येतील तेव्हा काय?’ (एक वडील, इचलकरंजी)

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी माझी एक चूक कबूल करते. पहिल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘लेखणीनं तारलं’ असं वाक्य आहे. ते मीच लिहिलं होतं, आणि ते खरं नाही. पुढच्या आवृत्तीत ते नसेल. मी आधी बरी झाले, आणि मग मला लिहिता आलं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी अवस्था अशी होती, की दहा व्हाउचरांची बेरीज दोनदा केली तर दोन उत्तरं यायची. जिला आकडे धरता येत नव्हते, तिला वाक्य कुठून धरता येणार? घरात ‘बाहेरचं झालंय’ म्हणून उतारा टाकून झाला, नवस बोलून झाला. पाच महिन्यांनी धाकट्या दिरानं मोटरसायकलवर बसवून डॉक्टरांकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्यावरही पहिले तीन आठवडे काही फरक कळला नाही, नुसतं तोंड कोरडं पडायचं. मग एका दुपारी लक्षात आलं, की मोरीतल्या भांड्यांच्या आवाजानं आज मी दचकले नाही. लिहायला बसले ते त्यानंतर चौदा महिन्यांनी, ऑफिसातल्या जुन्या चलनांच्या पाठकोऱ्या कागदांवर.

लिहिण्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगाबद्दल मॅडमनीच मला सांगितलं होतं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं. पुढच्या सहा महिन्यांत मात्र ते दवाखान्यात कमी वेळा गेले. मी हरखून गेले, तर मॅडम म्हणाल्या, ‘ती रोज वर्गात येऊन बसणारी मुलं होती, हे विसरू नका.’ तुमची लेक आज वर्गात बसू शकत नाही. तेव्हा ती वही कपाटात ठेवून द्या. समोर दिसणारी कोरी वही म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक न झालेलं काम.

तिला मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. आज घराबाहेर पडणं होत नसेल तर १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. आणि एक प्रश्न तिला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

स्थळांची काळजी मी समजू शकते, मीही मुलीची आई आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त राखणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण भाऊ, तीन महिने जागी असलेल्या पोरीच्या बाबतीत स्थळांचा विचार आत्ता नको. आधी तिला झोप लागू दे.

‘माझंही लिखाण तयार आहे. प्रकाशकाशिवाय पुस्तक काढायला काय करावं लागतं?’ (गडहिंग्लज)

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मिळतो, लेखकाला स्वतःलाही. ऑनलाइन अर्ज करायचा, फी नाही. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. कॉपीराइट तुम्ही लिहिलंत तेव्हाच तुमचा झाला, नोंदणी सक्तीची नाही. एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र छापतात, त्याला फॉर्म म्हणतात. पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवा, म्हणजे फॉर्म वाया जात नाही. माझं पहिलं पुस्तक १२८ पानांचं, आठ फॉर्मचं. जुन्या फाँटमधलं टायपिंग युनिकोडमध्ये नेलंत तर जोडाक्षरं एकेक करून तपासा, ‘र्‍या’ आणि ‘क्ष’ हमखास मोडतात. पुस्तक आलं की तीस दिवसांत १९५४ च्या कायद्याप्रमाणं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती स्वखर्चानं पाठवायच्या. आणि हजार प्रती छापू नका. मी पाचशे छापल्या, त्या संपायला चार वर्षं लागली. आपल्या गावच्या वाचनालयात मात्र स्वतः जाऊन प्रत द्या. मी पहिली प्रत करवीर नगर वाचन मंदिरात नेऊन दिली. १८५० सालचं ते ग्रंथालय, त्याच्या कपाटात माझं जन्माचं नाव लागलं, त्या दिवशी मी भवानी मंडपापर्यंत चालत गेले आणि तिथं बराच वेळ नुसती बसून राहिले.

‘पहिल्या पुस्तकातल्या सासूबाई फार कठोर वाटल्या. त्यांनी ते वाचलं का? आणि तुमच्यात एवढा चिवटपणा आला कुठून?’ (मिरज)

आधी चिवटपणाचं सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये मी पुन्हा गोळ्यांवर होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ च्या वर गेलं. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हा मी पुस्तकांचे गठ्ठे माळ्यावर चढवत होते. गोळ्यांची आठवण मला राहिली नाही. त्या गोळ्या एकदम बंद झाल्या की चक्कर येते, झोप उडते, आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद, औषधांच्या गाड्या अडकलेल्या. शाळेतल्या छावणीत रात्री सासूबाईंनी कनवटीला खोचलेली दुधाची पिशवी काढली. आत माझ्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या. ‘घे, न्हाईतर परत तसं हुईल,’ एवढंच म्हणाल्या. दहा वर्षांपूर्वी याच म्हणाल्या होत्या, ‘मन घट्ट करायचं सोडून गोळ्या कसल्या खातीस?’ आणि ते वाक्य मी पुस्तकात छापलं होतं. चिवटपणा म्हणाल तर त्या रात्रीचा तो त्यांच्या कनवटीला होता.

पहिलं पुस्तक छापण्याआधी मी त्यांना विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. त्यांची शाळा तिसरीपर्यंतच, म्हणून तिसरं पुस्तक प्रेसला देण्याआधी मी त्यांना दोन संध्याकाळी वाचून दाखवलं. दुधाच्या पिशवीचा प्रसंग आला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पुढं वाच म्हणून हात केला. सगळं झाल्यावर म्हणाल्या, ‘बाकी ऱ्हाऊ दे. त्येवढं एक पान काढ.’ मी ते पान काढलं. त्यावर काय होतं, ते आम्हा दोघींतच आहे.