कानोला लेकरं घेऊन येताय, तर मलेरियाच्या गोळीचं आधी ऐका

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांना उत्तर नायजेरियात कानोला नोकरी लागलीय, जूनमध्ये निघायचंय, लेक साडेतीन वर्षांची नि मुलगा दहा महिन्यांचा. लेक तापाचं गोड औषधसुद्धा थुंकते, मग मलेरिया होऊ नये म्हणून द्यायची रोजची गोळी कशी जाणार? मी नाशिकच्या पंचवटीतली, इथे कानोत नऊ वर्षं झाली. दोन्ही पोरं इथेच वाढली.

आपण नाशिकवाले डास म्हटलं की डेंग्यू धरतो, म्हणजे दिवसा चावणारा. इथला मलेरियाचा डास रात्री चावतो आणि जून ते सप्टेंबरच्या पावसात त्याचा जोर असतो. तुम्ही नेमक्या त्याच वेळी येताय. फाल्सिपेरम म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, त्यात लहान मूल एका दिवसात गंभीर होऊ शकतं, म्हणून निघण्याआधीच बालरोगतज्ज्ञांना भेटा. बहुधा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलची मुलांची गोळी सुचवतील. ती निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते, रोज एक वेळ. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: दहा ते वीस किलोला एक, आठ ते दहा किलोला पाऊण. बाळ भराभर वाढतं, तेव्हा दर महिन्याला वजन करा. डॉक्सिसायक्लिन हे मलेरिया टाळायचं दुसरं औषध आठ वर्षांखालच्यांना देत नाहीत, कुणी सुचवलं तरी घेऊ नका.

आता खरी लढाई. मी पहिल्याच आठवड्यात गोळी कुटून वाटीभर खिरीत कालवली. लेकीने चार चमचे खाल्ले, वाटी ढकलली. पोटात गेली किती नि वाटीत उरली किती, कोण सांगणार? तेव्हापासून एकच चमचा. गोळी कुटायची, चमचाभर कंडेन्स्ड मिल्कमध्ये कालवायची आणि लगेच भरवायची, वर दोन घोट दूध. दूध नुसतं लाडाचं नाही, स्निग्ध खाण्यासोबत हे औषध अंगी जास्त लागतं. म्हणून जेवण झाल्यावरच, रोज ठरल्या वेळी. तासाभरात उलटी झाली तर तोच डोस पुन्हा द्यायचा. मी घड्याळाकडे बघून वेळ कॅलेंडरवर लिहायचे. नाक दाबून कधी पाजू नका, ठसका लागतो. आणि गोळीला चॉकलेट म्हणू नका, एखाद दिवशी पोरगी डबाच उघडून बसेल!

पावसाळ्यात इथे घरोघर कार्यकर्ते येतात, तीन महिने ते पाच वर्षांखालच्या मुलांना महिन्यातून एकदा मलेरिया टाळायचं सलग तीन दिवसांचं औषध देतात. पहिला डोस त्यांच्यासमोर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा आईच्या हाती. यातली अमोडायाक्विन नावाची गोळी कडूजहर. पहिल्या दिवशी पोर रडलं की पुढच्या दोन गोळ्या कपाटातच राहतात, शेजारणींकडे हेच बघितलंय. तिन्ही दिवस पोटात गेले तरच महिनाभर आधार मिळतो. पण रोजची गोळी चालू असताना हे औषध आपल्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारून एकच काय ते ठरवा. ताप असेल तर आधी रक्त तपासा. गोळी चालू असली तरी ताप आला की तपासणी हवीच, आणि मच्छरदाणीही हवीच.

सुट्टीत नाशिकला आलात की आजी म्हणेलच, ‘इथं कुठला मलेरिया, पोराला कडू कशाला घालतेस?’ माझ्या सासूबाईंनी चौथ्या दिवशी डबी लपवली होती. पण निघण्याच्या आदल्या रात्री डास चावला असेल, तर जंतू यकृतात आठवडाभर बसतात. म्हणून कानो सोडल्यावरही सात दिवस गोळी चालूच.

पिवळ्या तापाची लस विसरू नका, नऊ महिन्यांपुढे देतात, म्हणजे बाळालाही चालेल. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, कार्ड जवळ ठेवा. आणि एक गोळी कुटायचा छोटा खलबत्ता हातातल्या बॅगेत टाका, पहिल्या रात्री तो शोधायला बाहेर पडायची वेळ येऊ नये.