जपानी क्लायंट ‘हाय हाय’ म्हणाला, मग गप्प का?

प्रश्न: नमस्कार ताई, आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. मागच्या महिन्यात एका जपानी कंपनीसमोर व्हिडिओ कॉलवर प्रेझेंटेशन दिलं, ते लोक प्रत्येक मुद्द्याला ‘हाय, हाय’ म्हणत होते, शेवटी म्हणाले विचार करून कळवतो. तीन आठवडे झाले, काहीच नाही. मी दोनदा रिमाइंडर टाकला, दुसऱ्यात त्यांच्या डायरेक्टरना सीसी केलं. तेव्हापासून तर रोजचा माणूसही उत्तर देत नाहीये. माझं काय चुकलं?

उत्तर: सीसी चुकलं, बाकी फारसं नाही. आधी त्या ‘हाय’चं बघू. जपानीत हाय म्हणजे हो, पण बोलणं चालू असताना मधेमधे येणारा हाय म्हणजे नुसतं ‘ऐकतोय, पुढे बोला’. तुम्ही तो होकार धरलात, आणि हे खूप जणांचं होतं. ‘विचार करून कळवतो’ हे त्यांच्याकडचं ‘केन्तो शिमास’, आणि ते जरा अवघड प्रकरण आहे कारण बऱ्याचदा तो सभ्य नकार असतो पण कधी कधी खरंच आत विचार चालू असतो. फरक ओळखायचा तर प्रश्न बघा. कॉलनंतर त्यांनी किमतीचा तपशील, सपोर्ट कोण देणार, असं बारीकसारीक विचारलं का? विचारलं असेल तर गोष्ट जिवंत आहे.

आणि वेळ लागतोच हो. तिकडे बऱ्याच कंपन्यांमध्ये रिंगी नावाची पद्धत असते, म्हणजे प्रस्तावाचा कागद खालून वर एकेका विभागातून मंजुरी घेत जातो. त्याच्याही आधी ‘नेमावाशी’, मूळ अर्थ झाड दुसरीकडे लावण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करून तयारी करणं, म्हणजे मीटिंगच्या आधीच एकेकाशी वेगळं बोलून सगळ्यांना तयार करणं. तुमच्यासाठी हे करणारा माणूस कोण, तर तोच रोजचा संपर्कातला माणूस, ज्याच्या डोक्यावरून तुम्ही डायरेक्टरना मेल टाकलात. त्याला वरिष्ठांसमोर खाली बघायला लावलंत, अजाणता का होईना. मला त्याच्यासाठी खरंच वाईट वाटलं.

आता त्याला एकट्याला मेल करा, सीसीबद्दल साधी माफी मागा, सबबी सांगू नका. सोबत जपानीत एक पानाचा सारांश द्या, चांगल्या अनुवादकाकडून करून घेतलेला, त्यात किंमत, मुदत, जोखीम असं सगळं असू दे, म्हणजे तो कागद त्याला आत फिरवता येईल. उत्तर कधी देणार असं विचारू नका, अजून कुठली माहिती उपयोगी पडेल एवढंच विचारा. मग थांबा. मार्चअखेर असेल तर जरा जास्तच थांबा, कारण बहुतेक जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि एप्रिलमध्ये बदल्या होतात, तुमचा माणूसच दुसऱ्या विभागात गेलेला असू शकतो.

पुढच्या कॉलवर ‘चोत्तो...’ (म्हणजे ‘जरा...’) म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तर तो बहुतेक नकार समजा, पूर्ण करायला लावू नका. शांतता पसरली तरी लगेच डिस्काउंट जाहीर करू नका प्लीज, ते फक्त विचार करत असतात. आणि मेलमध्ये त्यांच्या आडनावानंतर ‘सान’ (आपल्या ‘जी’सारखं आदरार्थी) लिहा, स्वतःच्या नावानंतर कधीच नाही.