हकालपट्टी की बडतर्फी?

कोथरूडहून एका मामांचा प्रश्न आहे. भाची कॉलेजच्या प्रकल्पासाठी नारायण राणे यांच्या राजकीय कारकिर्दीवर लिहितेय. तिचं वाक्य : '२००५ मध्ये शिवसेनेने त्यांना बडतर्फ केले, २००८ मध्ये काँग्रेसने त्यांना हकालपट्टी केली.' मामांनी लाल पेनाने दोन्ही शब्द खोडले. भाची म्हणते, बाहेर काढलं ना, मग शब्द कुठलाही चालेल.

नाही चालणार. बडतर्फ व्हायला आधी नोकरी हवी. पोलीस शिपाई बडतर्फ होतो, एसटीचा वाहक होतो. फारसीतल्या 'बर-तरफ'चं, म्हणजे 'बाजूला' या अर्थाच्या शब्दाचं, हे मराठी वळण. पक्षाचा नेता पगारी नोकर नसतो (निदान कागदोपत्री नसतो), त्यामुळे तो शब्द त्याच्या अंगाला बसत नाही. 'बरखास्त'ही नको. हिंदीत माणूस बर्खास्त होतो, मराठीत समिती, सभा किंवा सरकार. १९८० च्या फेब्रुवारीत शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार झालं, तसं.

'हकालपट्टी' मात्र खास आपली. मुळात 'हाक'. त्याच हाकेतून बैल हाकणं आलं, शिकारीतले हाकारे आले आणि हाकलणंही आलं. म्हणजे जवळ बोलवायला हाक आणि घालवून द्यायलाही तीच. 'हाकल'चं 'हकाल' होताना आकार एक घर पुढे सरकला, आणि मागे 'पट्टी' लागली. उधळपट्टी, खरडपट्टी यांच्या पंगतीतली ही पट्टी. घरपट्टी-पाणीपट्टीशी तिचा संबंध नाही. या तिन्ही शब्दांत थोडा झणका आहे, बोलणाऱ्याचा हात जरा मोकळा सुटलेला असतो.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात आजी दुपारी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना काठी आपटत हाकलायची. ती हकालपट्टी नव्हे. पण गणपती मंडळाच्या वर्गणीचा हिशेब न दिलेल्या खजिनदाराला कार्यकारिणीने काढलं, ती हकालपट्टी. आत रीतसर जागा असलेल्या माणसाचीच ती होते. जुलै २००५ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी राणेंना शिवसेनेतून काढलं, तेव्हा तिथे शाखाप्रमुखापासून मुख्यमंत्रिपदापर्यंतची जागा त्यांनी भोगलेली होती. त्यामुळे शब्द चपखल बसतो.

२००८ चं प्रकरण निराळं. मुख्यमंत्रिपदी अशोक चव्हाण यांची निवड झाल्यावर राणे पक्षश्रेष्ठींवर जाहीरपणे बरसले आणि काँग्रेसने त्यांना निलंबित केलं. निलंबन म्हणजे टांगून ठेवणं. दोरी ओढून परत घेता येतं. २००९ मध्ये ते पुन्हा मंत्री झालेच. २०१७ मध्ये काँग्रेस त्यांनी स्वतः सोडली, तिथे साधा 'राजीनामा' पुरे.

भाची कदाचित विचारेल, मग १९९९ मध्ये काँग्रेसने पवारांना सहा वर्षांसाठी काढलं, ती मुदतीची शिक्षा, तिला निलंबन म्हणायचं का? नाही. सदस्यत्वच गेलं, म्हणून हकालपट्टी. सहा वर्षं कोणी मोजत बसलं नाही ही गोष्ट वेगळी : मे महिन्यात काढलं, जूनमध्ये राष्ट्रवादी निघाली, ऑक्टोबरमध्ये दोन्ही काँग्रेस मिळून राज्यात सरकारात.

आणि मामांनी दुसरा शब्द खोडला, पण त्याच्या आधीचा 'त्यांना' तसाच ठेवला. हकालपट्टी नेत्याला करत नाहीत, नेत्याची करतात.