युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये खांबाभोवती फिरणारे प्लॅटफॉर्म हळूहळू जागेवरून सरकतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मधल्या खांबाभोवती फिरणारे चार प्लॅटफॉर्म सुरुवातीला झकास फिरतात, पण गेम बराच वेळ चालू राहिला की कोणी आत येतो, कोणी बाहेर जातो. इन्स्पेक्टरमध्ये (वस्तूची माहिती दाखवणारी चौकट) एक्स अक्षावरच्या जागेचा आकडा 10,000 च्या पुढे आहे आणि कोड म्हणजे अपडेटमध्ये (दर फ्रेमला चालणारा भाग) रोटेटअराउंड या बिंदूभोवती फिरवणाऱ्या आज्ञेची एकच ओळ. घोडं त्या ओळीतच पेंड खातंय.

रोटेटअराउंड वस्तू आत्ता कुठे आहे ते बघतं, तिथून तिला जराशी फिरवतं आणि नवी जागा साठवतं. पुढच्या फ्रेमला सुरुवात त्या साठवलेल्या जागेपासून. युनिटी ही जागा 32 बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश संख्या साठवायचा प्रकार) ठेवते, म्हणजे साधारण सात अंक भरवशाचे. उरलेलं दर वेळी जवळच्या आकड्यावर ढकललं जातं, आणि सेकंदाला 60 फ्रेमच्या वेगाने दिवसभरात हे 51,84,000 वेळा होतं. थेंबे थेंबे तळे साचे.

त्यात तुमची लेव्हल लांबवर मांडलेली. एक एकक म्हणजे एक मीटर धरलं तर 8,192 ते 16,384 या पट्ट्यात फ्लोटची सर्वात लहान पायरी 0.98 मिलिमीटर आहे. त्याहून बारीक काही साठवताच येत नाही. समजा वस्तू केंद्रापासून अर्ध्या मीटरवर आहे आणि सेकंदाला 2 अंश फिरते. एका फ्रेममध्ये तिने सरकायचं अंतर 0.29 मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या पायरीपेक्षाही कमी. मग त्या अक्षावर ती हलतच नाही, पण तिचं स्वतःभोवतीचं फिरणं चालूच राहतं! वस्तू जागच्या जागी गरगरतेय असं दिसलं तर कारण बहुधा हेच.

हा प्रकार मोठ्या गेमनाही चुकलेला नाही. सुपर मारिओ 64 (1996) मध्ये बाउझर इन द फायर सी या लेव्हलला वरखाली झुलणारे प्लॅटफॉर्म आहेत. मूळ निन्टेंडो 64 वर ते जागा सोडत नाहीत. वी या नंतरच्या कन्सोलवर जुने गेम चालवणाऱ्या व्हर्च्युअल कन्सोलवर मात्र आकडा जवळच्या पायरीवर न जाता शून्याच्या दिशेने कापला जातो, आणि प्लॅटफॉर्म शून्य उंचीच्या खाली असल्यामुळे प्रत्येक काप त्यांना केसभर वर नेतो. उडीचं ए बटण कमीत कमी दाबून गेम संपवायचा नाद असलेल्या मंडळींनी याचाच फायदा उठवला: गेम सुमारे तीन दिवस तसाच चालू ठेवायचा, प्लॅटफॉर्म पुरेसे वर आले की उडी न मारता पुढे.

तुम्हाला हे नको आहे, तेव्हा मागच्या फ्रेमवर भर घालणं बंद करा. सहा इंची पट्टी पुढे पुढे सरकवत भिंत मोजली तर प्रत्येक खुणेची चूक पुढच्या खुणेत जाते. टेपचं टोक कोपऱ्यात अडकवलं तर जात नाही. खांबाच्या मध्यावर एक रिकामा गेमऑब्जेक्ट (सीनमधली वस्तू) ठेवा, स्केल 1, 1, 1. (तिन्ही अक्षांवर स्केल वेगवेगळं असेल तर आतल्या वस्तू फिरताना तिरप्या ताणल्या जातात, तो वेगळाच ताप.) चारही प्लॅटफॉर्म त्याच्या आत टाका आणि फक्त त्या रिकाम्या पालकाला फिरवा. प्लॅटफॉर्मची लोकल पोझिशन (पालकाच्या तुलनेतली जागा) कोणी बदलतच नाही, त्यामुळे त्रिज्या बिघडायला वावच नाही. पालकाचा कोनही जुन्यात मिळवू नका; वेग गुणिले सुरुवातीपासूनचा वेळ असा दर फ्रेमला नव्याने काढा आणि अँगलअ‍ॅक्सिस (अक्ष आणि कोन घेऊन रोटेशन देणारं फंक्शन) वापरून लोकलरोटेशनमध्ये थेट भरा. यूलर अँगल (तीन अक्षांचे तीन कोन) वाचून, त्यात भर घालून परत लिहायचं टाळा. एक्स अक्षावर 90 अंशांच्या पुढे ते भलतेच आकडे देतात.

वेळसुद्धा फ्लोटच असतो हे लक्षात ठेवा. गेम 24 तास चालला की टाइम.टाइमची (सुरुवातीपासूनचे सेकंद) पायरी 0.0078 सेकंद होते आणि 60 फ्रेमला एक फ्रेम 0.0167 सेकंदाची, म्हणजे फिरणं अडखळताना दिसणारच. टाइमअ‍ॅझडबल (हाच वेळ, दुप्पट बिटांत) घ्या, एका फेरीच्या कालावधीने भागून बाकी काढा आणि मगच फ्लोट करा. एकमेकांत अडकलेली दातेरी चाकं असतील तर दोन्हींचे कोन याच एका वेळेवरून काढा. 12 दात्यांच्या चाकाचा कोन उणे 12 भागिले 18 ने गुणला की 18 दात्यांच्या चाकाचा कोन मिळतो, आणि दाते कितीही वेळाने जुळलेलेच राहतात.

प्लॅटफॉर्मवर रिजिडबॉडी (वस्तूला भौतिकशास्त्राचे नियम लावणारा घटक) असेल तर आधी ती बघा. कायनेमॅटिक (फक्त कोडने हलणारी) नसलेली बॉडी खेळाडू आदळला की ढकलली जाणारच, आणि ती फिरते वस्तुमानकेंद्राभोवती, तुम्ही ठरवलेल्या पिव्हटभोवती (फिरण्याचा बिंदू) नाही. कोलायडर (धडक ओळखणारा आकार) एका बाजूला जास्त असेल तर ते केंद्रही त्या बाजूला जातं. फिरणाऱ्या पालकावर एकच कायनेमॅटिक बॉडी ठेवा आणि ती फिक्स्डअपडेटमध्ये (ठरावीक अंतराने चालणारा भाग) मूव्हरोटेशनने फिरवा. कोन तसाच वेळेवरून, फक्त पालकाच्या मूळ रोटेशनला जोडून, कारण मूव्हरोटेशन जगाच्या हिशोबात चालतं. प्लॅटफॉर्मवरच्या बॉडी काढून टाका.

दर फेरीला वस्तू हलते पण फेरी संपताच अचूक मूळ जागी येते, असं असेल तर तो ड्रिफ्ट (साठत जाणारी सरकण) नव्हे, पिव्हट मध्यावर नाही एवढंच. सीन व्ह्यूमध्ये झेड दाबून सेंटरवरून पिव्हटवर या, लगेच दिसेल.

जमलं तर अख्खी लेव्हलच शून्याजवळ आणा. वरच्या उपायांनी चूक साठत नाही, पण 10,000 वर मिलिमीटरभराची थरथर राहतेच.

तपासायला तासभर गेम चालू ठेवायची गरज नाही. स्टार्टमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) लूप लावून जुनं रोटेटअराउंड पन्नास लाख वेळा चालवा आणि केंद्रापासूनचं अंतर आधी आणि नंतर छापा. टाइमस्केल (गेममधल्या वेळेचा वेग) वाढवून ही चाचणी होत नाही. त्याने प्रत्येक टप्पा मोठा होतो, अपडेटची संख्या तेवढीच राहते.