व्याख्यांचं कलम आधी वाच

चि.,
अनेक आशीर्वाद.

जानेवारीपासून तू इथे अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळात रुजू होणार हे तुझ्या आईकडून कळलं. तुझ्या आमदारांचं कार्यालय म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि तू. परवा फोनवर तू विचारलंस, ‘मावशी, इथले आमदार विधेयकं स्वतः लिहितात का?’ तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता सविस्तर लिहिते.

लिहीत नाहीत. लिहिणार कधी? टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा भरतं, नियमित अधिवेशन 140 दिवसांचं, आणि आमदाराचा पगार वर्षाला 7,200 डॉलर. न्यू हॅम्पशरच्या कनिष्ठ सभागृहात 400 जण बसतात आणि पगार वर्षाला 100 डॉलर. शून्य गळलेलं नाही, शंभरच. माझ्या ओळखीतला एक आमदार विमा विकायचा, एक बाई निवृत्त शाळामास्तरीण होत्या, एकाची दुभत्या गाईंची डेअरी होती. अधिवेशनात या लोकांनी शेकडो विधेयकांवर मत द्यायचं. आपल्याकडे आमदार म्हटलं की मागेपुढे दहा माणसं डोळ्यांसमोर येतात, म्हणून तुला हे खरं वाटणार नाही. पण अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आमदार स्वतःच फोन उचलतो.

अशा माणसाच्या टेबलावर कुणीतरी तयार मसुदा आणून ठेवतं. नीट टाइप केलेला, कलमं पाडलेली, सोबत एका पानाचं टिपण, समितीत साक्ष द्यायला तज्ज्ञही तयार. फक्त राज्याचं नाव भरायचं. यालाच नमुना विधेयक म्हणायचं.

यातलं सगळ्यांत गाजलेलं दुकान म्हणजे अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज कौन्सिल, बोलताना ‘ॲलेक’. 1973 ची संस्था. सभासद दोन प्रकारचे: राज्यांचे आमदार, त्यांची वर्गणी नाममात्र; आणि कंपन्या व त्यांच्या संघटना, त्यांची वर्गणी हजारो डॉलर. दोघं एकाच कार्यगटात शेजारी बसून मसुदे ठरवतात. 2011 च्या जुलैमध्ये असे आठशेहून जास्त मसुदे एका संस्थेने चव्हाट्यावर मांडले, तोवर बाहेरच्या कुणाला ते एकत्र बघायलाच मिळाले नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्लोरिडात गंमत झाली. कंपन्यांवरचा केंद्रीय कर कमी करा, असा ठराव एका आमदारबाईंनी दाखल केला आणि त्यात ‘ज्याअर्थी ॲलेकचं ध्येय अमुक तमुक आहे’ हे वाक्य तसंच राहिलं! लगेच ठराव मागे घेतला आणि ते वाक्य गाळून पुन्हा दाखल केला. शाळेत शेजाऱ्याचा पेपर उतरवताना त्याचं नावही उतरवणारा एक तरी असतोच.

2019 मध्ये यूएसए टुडे, ॲरिझोना रिपब्लिक आणि सेंटर फॉर पब्लिक इंटेग्रिटी यांनी मिळून देशभरातली जवळपास दहा लाख विधेयकं संगणकावर ताडून बघितली. आठ वर्षांत दहा हजारांहून जास्त विधेयकं कुठल्या ना कुठल्या नमुन्यावरून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली निघाली, आणि त्यांतल्या 2,100 हून जास्त विधेयकांचे कायदे झाले. फक्त उद्योगांची नव्हे, डाव्या बाजूच्या गटांचीही होती. हे लक्षात ठेव, कारण तुझे आमदार ज्या पक्षाचे आहेत त्या पक्षाच्या मित्रांकडून आलेला मसुदा तुला आपोआप स्वच्छ वाटेल.

त्यातलं एक उदाहरण मला कायम डाचतं. ॲस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्यांच्या भरपाईच्या दाव्यांत ‘पारदर्शकता’ आणणारं विधेयक. नाव ऐकून वाटेल, कुठल्या इमारतीत ॲस्बेस्टॉस आहे ते लोकांना सांगायचा कायदा असेल. मुळीच नाही. या धंद्यातल्या अनेक कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि जाताना भरपाईसाठी ट्रस्ट ठेवून गेल्या. ज्या कंपन्या अजून उभ्या आहेत त्यांच्यावर खटला चालवायचा तर रुग्णाने आधी त्या ट्रस्टांकडचे दावे दाखल करावेत, सगळी कागदपत्रं उघड करावीत, मग पुढे जावं, असा तो कायदा. एकच नुकसान दोनदा भरून द्यावं लागू नये, हा कंपन्यांचा मुद्दा. तो अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पण ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या मेसोथेलिओमा या कॅन्सरचा रुग्ण निदानानंतर बरेचदा वर्ष-दीड वर्षच काढतो. त्याच्याकडून कागद गोळा करून घेण्यात चार महिने गेले तर त्याच्या दृष्टीने किती गेले, याचा हिशेब कर. ओहायोत 2012 मध्ये हा कायदा झाला, मग इतर राज्यांत. पारदर्शकता कुणाची, हे शीर्षकात कुठेच नाही. ते आतल्या कलमांत आहे.

आता माझी चूक सांगते. आईला सांगू नकोस, तिला वाटतं मी कधी चुकलेच नाही.

मी विधिमंडळाच्या संशोधन विभागात होते. विधेयक आलं की त्याचा तिजोरीवर किती भार पडेल हे एका पानात लिहून द्यायचं, ती ‘फिस्कल नोट’. माझं दुसरंच अधिवेशन. शहरांनी स्वतःची इंटरनेट सेवा चालवू नये, अशा अर्थाचं विधेयक आलं; शीर्षकात अर्थातच ‘न्याय्य स्पर्धा’. बारा पानं होती, त्या दिवशी हातात आणखी नऊ विधेयकं होती. पहिली तीन पानं वाचली, राज्याला खर्च काही नाही असं दिसलं, लिहून टाकलं: शून्य. समितीत एका वयस्कर आमदारांनी विचारलं, ‘पान सहावर ज्या आयोगाचं नाव आहे तो आपल्या राज्यात कुठे बसतो?’ आमच्याकडे त्या नावाचं खातंच नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तरी राज्यातून मसुदा फिरत आला होता. विधेयक मांडणाऱ्या आमदारांनी पानं उलटली, मग मान वळवून मागच्या रांगेत बघितलं. तिथे करड्या सुटातला लॉबिस्ट, म्हणजे कंपन्यांच्या वतीने आमदारांकडे शब्द टाकणारा माणूस, बसला होता. तो उठला, माइकपाशी आला आणि शांतपणे सगळं समजावून सांगितलं. खोलीत कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

आयोगाचं नाव दुरुस्त झालं, विधेयक मंजूर झालं. पुढच्या वर्षी कळलं की ‘सार्वजनिक पुरवठादार’ या शब्दाच्या व्याख्येत शाळांचे जिल्हेही, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थाही, येत होते. एका ग्रामीण भागात शाळेची इंटरनेटची केबल गावचं इस्पितळ वापरायचं, ते वापरणं बंद झालं. त्यापायी शाळेला राज्याने जास्तीचं अनुदान दिलं. माझं शून्य शून्य राहिलं नाही. ती व्याख्या पान दोनवर होती. मी वाचली होती आणि तरी मला दिसली नव्हती.

म्हणून सांगते: शीर्षक सगळ्यांत शेवटी वाच. आधी व्याख्या, मग ‘हे कलम पुढील बाबींना लागू नाही’ असं जिथे असेल ते, मग अंमलाची तारीख. व्याख्येतलं एखादं अवघडलेलं वाक्य उचल, आठ-दहा शब्दांचं, आणि अवतरणचिन्हांत टाकून शोध. लेजिस्कॅन या संकेतस्थळावर पन्नासही राज्यांची विधेयकं फुकट मिळतात. तेच वाक्य इंडियाना आणि इडाहोत सापडलं तर दोन्हीकडे समितीत कोण साक्षीला आलं होतं ते बघ. अर्ध्या तासाचं काम आहे. हा अर्धा तास आमदारांकडे नसतो. ज्या विधिमंडळांत पगार कमी, कर्मचारी कमी आणि वेळ कमी, तिथे ॲलेकचे मसुदे जास्त उचलले जातात, हे अलेक्झांडर हर्टेल-फर्नांडेझ या राज्यशास्त्रज्ञाने आकडेवारीने दाखवलंय. तुझ्या कार्यालयात कर्मचारी म्हणजे तू.

पण सापडलं रे सापडलं की आरडाओरडा करू नकोस. नक्कल म्हणजे पाप नव्हे. युनिफॉर्म लॉ कमिशन, म्हणजे राज्याराज्यांतले कायदे सारखे असावेत म्हणून मसुदे करणारी संस्था, 1892 पासून हेच काम करतेय. धनादेश, मालाची विक्री, तारण यांचे नियम देशभर जवळपास सारखे आहेत ते त्यांनी तयार केलेल्या व्यापारी संहितेमुळे. लुइझियानाने तेवढा विक्रीचा भाग घेतला नाही, त्यांचं फ्रेंच वळण वेगळं. अवयवदानाचा नमुना कायदा 1968 चा, तोही यांचाच. फरक इतकाच, की तिथे मसुदा कुणी केला, कुठल्या बैठकीत काय बदललं, हे कुणालाही बघता येतं. आपल्याकडेही 2003 चा बाजार समित्यांचा नमुना कायदा केंद्राने राज्यांना पाठवला होता. त्यावर भांडणं झाली, पण पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव होतं.

आणि उगम नेहमी सरळ नसतो. जिवाला धोका वाटला तर मागे न हटता गोळी चालवण्याची मुभा देणारा कायदा आधी फ्लोरिडात झाला, 2005 मध्ये. बंदूकवाल्यांच्या संघटनेने, एनआरएने, तो ॲलेककडे नेला आणि तिथून तो नमुना म्हणून फिरला. 2012 मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफर्डला ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा मुलगा मारला गेला तेव्हा लोक विचारू लागले, हा कायदा इतक्या राज्यांत आला कुठून? काही आठवड्यांत कोका-कोला, क्राफ्ट अशा कंपन्या ॲलेकमधून बाहेर पडल्या आणि ॲलेकने तो नमुना ठरवणारा कार्यगटच बंद केला. कायदे मात्र जिथल्या तिथे राहिले.

लॉबिस्टांशी भांडू नकोस. त्यांच्यासोबत कॉफी पी. ते सहसा खोटं बोलत नाहीत, कारण एकदा खोटं पकडलं गेलं की त्या इमारतीत त्यांचं दुकान बंद. विचारल्याशिवाय सांगत नाहीत, एवढंच. म्हणून विचार: मसुदा कुणी केला? आणखी कुठे मांडलाय? तिथे कुणी विरोध केला? करड्या सुटातल्या त्या गृहस्थांना मी पुढे दहा वर्षं हे तीन प्रश्न विचारत राहिले आणि त्यांनी प्रत्येक वेळी उत्तर दिलं. पहिल्या वर्षी विचारलं असतं तरी दिलं असतं.

पहिलं विधेयक हातात आलं की रविवारी संध्याकाळी फोन कर. शीर्षक सांगू नकोस, व्याख्या वाचून दाखव.

तुझी,
मावशी

ता. क. समितीच्या खोल्या भयंकर गार असतात. आईने विणलेला स्वेटर कोटाच्या आतून घाल, दिसत नाही.